रताळं हातात घेतलं तेव्हा डिफेन्स प्रोटीन कळलं

बायोकेमिस्ट्रीला नवीन आलेली पोरं विचारतात, प्लांट डिफेन्स प्रोटीनवर (कीड-रोगापासून झाडाला वाचवणाऱ्या प्रोटीनवर) प्रोजेक्ट घ्यायचाय, सुरू कुठनं करू? म्हणून लिहितोय. मी बेळगावच्या पश्चिम भागातला, दहावीपर्यंत मराठी मिडीयम, मग एकदम इंग्लिश, आणि बाजारात निम्मं कन्नड. पहिल्या सेमिस्टरला पीआर-१ ते पीआर-१७ चा, म्हणजे रोग लागल्यावर झाडात तयार होणाऱ्या प्रोटीनच्या फॅमिलींचा, अख्खा तक्ता पाठ केला, पेपरात उतरवला आणि दुसऱ्या दिवशी साफ विसरलो. तसं करू नका. एकच प्रोटीन धरा, जमलं तर आपल्या रानातलं.

आमच्याकडं रताळी. लहानपणी काढणीला गेल्यावर कच्चं रताळं चावलं की आई ओरडायची, पोटात दुखंल म्हणून. त्यात स्पोरामिन नावाचं प्रोटीन असतंय, आणि थोडंथोडकं नाही, विरघळणाऱ्या प्रोटीनपैकी निम्म्याहून जास्त तेच. वेल नायट्रोजन साठवते ती ह्याच्यात, आणि किड्याच्या पोटातल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवतंय तेपण हेच, म्हणजे कणगी आणि राखणदार एकच की! पान किड्यानं कुरतडलं की पानातपण ते तयार व्हायला लागतंय. शिजवल्यावर अडवायची ताकद बरीच जाते.

स्पोरामिन कुनिट्झ फॅमिलीतलं (ट्रिप्सिन अडवणाऱ्या प्रोटीनचं एक घराणं), पण स्ट्रक्चर शिकायला त्याच फॅमिलीतलं सोयाबीनचं घ्या, त्याच्यावर काम लई झालंय. १८१ अमिनो आम्लं, फक्त २ डायसल्फाइड बंध, आणि सगळा खेळ बाहेर आलेल्या एका लूपचा. तिथं ६३ नंबरला आर्जिनिन बसलंय. ट्रिप्सिन आर्जिनिन नाहीतर लायसिनच्या पुढं कापतं, त्यामुळं ते आपलं नेहमीचं खाणं समजून येतं, लूपवर बसतं आणि तिथंच अडकतं. पचन मंदावलं की अळीची वाढ खुंटते. प्रोटीन डेटा बँकेत 1AVW कोड टाका, ट्रिप्सिन आणि सोयाबीनचं प्रोटीन एकमेकांना धरलेले दिसतात, फुकट आहे. मला चार लेक्चरात कळलं नव्हतं ते तिथं फिरवून बघताना कळलं.

आता माझी फजिती. रताळं मिक्सरला लावलं, गाळलं, अर्क तांबूस झाला, होऊ दे म्हटलं. बीएपीएनए नावाच्या केमिकलवर ट्रिप्सिन चाललं की पिवळा रंग येतो, तो ४१० नॅनोमीटरला मोजायचा. माझ्या अर्कानं रंग येऊच दिला नाही, मी खूश, गाईडना दाखवायला पळालो. त्यांनी एवढंच विचारलं, उकळलेला कंट्रोल, म्हणजे उकळून प्रोटीन निकामी केलेला अर्क, कुठाय? लावला, तर तोपण तेवढाच अडवत होता! रताळ्यातल्या पॉलिफेनॉलनी (अर्क तांबूस करणाऱ्या रसायनांनी) ट्रिप्सिनला धरलं होतं, प्रोटीनचा त्यात कितीसा हात होता कुणास ठाऊक, दोन महिने पाण्यात. मग साल जाड काढली, बफरात पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पीव्हीपीपी पावडर आणि तांबूसपणा रोखायला अॅस्कॉर्बिक अॅसिड घातलं, सगळं बर्फावर केलं, तेव्हा कुठं अर्क पांढुरका आला. (बोमन-बर्क ह्या दुसऱ्या घराण्यातले इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारी प्रोटीनं, उकळूनपण बरेच टिकतात, तिथं ह्या कंट्रोलवर विसंबू नका.)

निपाणीकडच्यांना तर तंबाखूच आहे, पीआर प्रोटीन पहिल्यांदा १९७० मध्ये मोझॅक व्हायरस लागलेल्या तंबाखूच्याच पानात दिसली.

आणि हो, ट्रिप्सिन १ मिलिमोलर एचसीएलमध्ये विरघळवा आणि बर्फावरच ठेवा. बफरात टेबलावर ठेवलं की ते स्वतःलाच खात बसतंय, आणि संध्याकाळी रंग कमी आला की तुम्ही इनहिबिटरचं कौतुक करत बसता.