अंगणात मांडा आपलं गाव

अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांना भिंतीवरचा नकाशा समजत नाही. वरची बाजू म्हणजे उत्तर, हे त्यांना पटणार तरी कसं? नकाशा जमिनीवर, खऱ्या दिशा धरून मांडा.

१. सकाळी ऊन तापायच्या आत मुलांना गावात एक फेरी मारून आणा. हापशी, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, पांदण, नाला. वाटेत खडे, पानं, कापसाची बोंडं वेचू द्या.

२. अंगणात पाणी शिंपडून मधोमध विटेचा तुकडा ठेवा, ती आपली अंगणवाडी. तिथं उभं करून विचारा, "मारुती कोणीकडे?" मूल हात दाखवेल तिकडे त्याच्याच हातानं खडा ठेवू द्या. चुकलं तर लगेच सांगू नका, दारात नेऊन देऊळ दाखवा.

३. रस्ते राखेनं आखा. घरांना रिकाम्या काडेपेट्या, वावरात बोंडं.

४. नाल्यासाठी बोटानं चर काढा, खरा नाला वाहतो त्याच बाजूला उतार देऊन. मग तांब्याभर पाणी ओता. इथं घाई करू नका. पाणी कुठून येतं नि कुठं जातं, हे मुलं पुन्हापुन्हा ओतूनच शिकतात.

शेवटी प्रत्येकानं आपलं घर ठेवायचं.

जपायची गोष्ट एकच: तूर, हरभऱ्याचे दाणे वापरू नका, लहान मुलं ते नाकाकानात घालतात. खडेही सुपारीपेक्षा चांगले मोठेच घ्या.