फोर बाय फोरमध्ये मोठे इंजिन बसवण्याआधी या चुका टाळा

जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये मोठे इंजिन बसवण्याचा बेत घेऊन जे तरुण सल्ला विचारायला येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये इंजिनाचा फोटो असतो, पण गाडीचे एकही माप नसते. इंजिन बहुधा आधीच घेतलेले असते, कारण ‘असा सौदा पुन्हा मिळाला नसता’. माझे मत याच्या नेमके उलट आहे. आधी कागद, मग मापे, मग गिअरबॉक्स व हाउसिंग, त्यानंतर रेडिएटर आणि या सगळ्यांत बसेल ते इंजिन सर्वांत शेवटी घ्यावे.

इंजिन आधी विकत घेणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. पुढचा अॅक्सल अखंड असलेल्या गाडीत इंजिनाच्या खाली मोकळी जागा नसते. तिथे डिफरन्शिअलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचे) हाउसिंग म्हणजे कवच असते आणि गाडी खड्ड्यात उतरली की ते कित्येक इंच वर येते. त्यामुळे तेलाच्या संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) खोल भाग इंजिनाच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, हा प्रश्न अश्वशक्तीच्याही आधी विचारावा लागतो. एकाच इंजिनाचे दोन्ही प्रकारचे संप मिळणे शक्य असते, पण भंगारवाला तुम्हाला त्यातला कोणता हवा हे विचारत नाही.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने आपल्या पेट्रोल जिप्सीसाठी परदेशातून आलेले हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या गाडीतले) डिझेल इंजिन टेम्पोत घालून आणले. संप पुढच्या बाजूचा होता. मी मापे घेऊन, हे इंजिन विकून दुसरे शोध, असे सांगितले. ते त्याला पटले नाही. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजिन उचलून बसवले गेले, तेव्हा बॉनेट लागेना आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडला. मग इंजिन खाली घेऊन संप कापला आणि कमी झालेल्या तेलाची भरपाई म्हणून मागच्या बाजूला पत्र्याचा डबा वेल्ड करून जोडला. तेल मापात भरले गेले, पण ते ओढणारी नळी मात्र पुढे होती तिथेच राहिली. सपाट रस्त्यावर गाडी उत्तम चालली. मुळशीकडच्या एका खड्या चढावर नाक वर होताच सगळे तेल मागच्या डब्यात गेले, नळीने हवा ओढली आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागला. वायरिंग नवे असल्यामुळे तो दिवा वायरिंगमधल्या चुकीने लागला असावा, असे त्याने गृहीत धरले आणि चढ पूर्ण केला. वर पोहोचेपर्यंत इंजिनाच्या खालून ठकठक सुरू झाली होती. बिग एंड बेअरिंगे गेली आणि क्रँक ग्राइंडिंगला भोसरीला पाठवावा लागला. या दुरुस्तीला इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागले.

माझी सवय अशी आहे की जुने इंजिन उतरवल्यावर पुढचे पाटे काढायचे आणि अॅक्सल जॅकने बंप स्टॉपला (चेसिसवरच्या रबरी अडथळ्याला) टेकेपर्यंत उचलायचा. आधी दोन्ही बाजूंनी, मग एकेका बाजूने. मग नियोजित इंजिनाच्या मापाचा थर्माकोलचा ठोकळा, संपसह कापून, त्या जागी ठेवायचा. संप आणि हाउसिंग यांत किमान २५ मि.मी. अंतर उरले नाही तर ते इंजिन माझ्या दृष्टीने बाद असते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आहे. टर्बो किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला असेल तर स्टिअरिंगच्या शाफ्टला आणि ब्रेकच्या नळ्यांना किती जागा उरते, तेही याच वेळी पाहावे. एका कुटुंबातली इंजिनेसुद्धा मापाने सारखी नसतात. जिप्सी किंगच्या १,२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मि.मी. आहे, तर जुन्या बलेनोच्या १,५९० सीसी इंजिनाचा ९० मि.मी.; म्हणून ‘ते तर सरळ बसते’ असे म्हणणाऱ्याला बॉनेटखालच्या उंचीबद्दल एकदा विचारून घ्यावे.

कागदपत्रे शेवटी पाहणे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलता येते; दुसऱ्या कंपनीचे दुप्पट ताकदीचे इंजिन ही वेगळी गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीशी अपघातानंतर होणारा वाद याशिवाय वेगळाच. एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था वेताळ टेकडीवरच असल्यामुळे तिथून एखादा कागद आणता येईल, असे पुण्यात अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथली मान्यता वाहन किंवा किट बनवणाऱ्या उत्पादकासाठी असते, एकट्याच्या जिप्सीसाठी नव्हे. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकारार्थी आले तर गाडी खासगी जमिनीवर आणि स्पर्धेतच चालणार व तिथपर्यंत ट्रेलरवरून जाणार, हे आधीच मान्य करावे. ट्रेलरचा खर्चही मग अंदाजपत्रकात धरावा लागतो, आणि तो आकडा पाहून निम्मे लोक बेत सोडतात. त्यात वाईट काही नाही.

फक्त इंजिनाची ताकद मोजणे

जिप्सी किंगचे इंजिन सुमारे १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. स्कॉर्पिओतले १२० अश्वशक्तीचे एमहॉक डिझेल इंजिन २९० देते. समजा, पहिला गिअर ४, लो रेंज (फोर बाय फोरचा जास्तीचा हळू गिअर) २ आणि डिफरन्शिअल ४ या प्रमाणाचे आहे, तर टॉर्क ३२ पट होतो. घर्षण सोडून दिले तर अॅक्सलवर पहिल्या इंजिनाचा सुमारे ३,३०० आणि दुसऱ्याचा सुमारे ९,३०० न्यूटन-मीटर टॉर्क येऊ शकतो. मोकळ्या मातीत चाक फिरून जाते आणि काही मोडत नाही. पण चाक दोन दगडांत अडकले असताना अॅक्सिलरेटर दाबला तर सगळ्यांत नाजूक वस्तू तुटते. ती हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा गिअरबॉक्समधला एखादा दाता, यांपैकी काय असेल हे चालवणाऱ्याला ठरवता येत नाही. मोठे टायर लावले असतील तर धोका आणखी वाढतो.

पेट्रोलच्या जागी डिझेल घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत जात असेल आणि नवे डिझेल ४,००० वरच संपत असेल, तर गिअर आणि डिफरन्शिअलचे तेच प्रमाण ठेवल्यास प्रत्येक गिअरमधला कमाल वेग दोन-तृतीयांश होतो. महामार्गावर इंजिन ओरडते आणि दोष टर्बोला दिला जातो.

रेडिएटर ‘नंतर बघू’ म्हणणे

गाडी गरम होते, ही तक्रार घेऊन येणाऱ्या दर दुसऱ्या बदललेल्या गाडीत मला थर्मोस्टॅट काढून टाकलेला सापडतो. हा उपाय सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. थर्मोस्टॅट काढल्याने लहान रेडिएटर मोठा होत नाही. उलट थंडीच्या दिवसांत इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि खरे कारण झाकले जाते.

खरी कारणे बहुधा साधी असतात. लो रेंजमध्ये गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सरकत असते, त्यामुळे समोरून वारा येत नाही आणि सगळे काम पंख्याला करावे लागते. पंख्याभोवती श्राउड (हवा वळवणारे कवच) नसेल तर तो रेडिएटरच्या फक्त मधल्या गोलातून हवा ओढतो आणि कोपरे निरुपयोगी राहतात. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) पुढे बसवला की त्यातून तापलेली हवा रेडिएटरवर येते, हे तर जागा ठरवताना कोणी धरतच नाही. जीपमध्ये अनेकदा रेडिएटरचा माथा नव्या इंजिनाच्या हेडपेक्षा खाली येतो. मग हवा हेडमध्ये अडकते. एक्स्पान्शन टँक सगळ्यांत उंच जागी बसवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि पाणी भरताना गाडीचे नाक चढावर ठेवले तर हवा लवकर निघते. तापमानाचा काटा पाहून निर्धास्त होऊ नये, कारण पाणी उतरून सेन्सर कोरडा पडला तर काटा खाली येतो आणि हेड मात्र वाकते.

गॅरेजमध्ये अर्धा तास आयडलिंगवर ठेवून घेतलेल्या चाचणीला मी चाचणी मानत नाही. एप्रिलच्या दुपारी दिवे घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढून पाहावे आणि नंतर एखाद्या खासगी जागेत लो रेंजमध्ये बराच वेळ रांगत चालवावे. ही घाटाची चाचणी अर्थातच आरटीओने बदलाला मान्यता दिलेल्या गाडीसाठी आहे.

थोडक्यात उरलेल्या चुका

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अॅडॅप्टर प्लेट डोळ्याने मधोमध बसवू नये. क्रँकवर डायल गेज लावून बेलहाउसिंगचे (क्लचवरच्या कवचाचे) भोक तपासावे. काट्याची हालचाल ०.१ मि.मी.पेक्षा जास्त दिसली की मी काम लेथवाल्याकडे परत पाठवतो, कारण पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट त्याची किंमत मोजतात.

डिझेल इंजिनाला ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसेल तर पेडल दगडासारखे होते आणि हे उतारावर कळणे परवडत नाही.

इलेक्ट्रॉनिक इंजिन घेताना ईसीयू (इंजिनाचा संगणक), चावी, इमोबिलायझर, अॅक्सिलरेटर पेडल आणि न कापलेले वायरिंगचे हार्नेस एकत्रच घ्यावे. नंतर यांतली एकेक वस्तू शोधणाऱ्याला बाजारात दया दाखवली जात नाही.

फाउंडेशन (इंजिन टेकवायचे आधार) चेसिसला पक्के वेल्ड करण्यापूर्वी टाके मारून बॉनेट, क्लच आणि पंखा एकदा तपासावा.

जड इंजिनासाठी पुढचे पाटे बदलावेत, स्पेसर घालू नयेत.

जुने इंजिन आणि त्याचे माउंटिंग नवी गाडी एक पावसाळा काढेपर्यंत विकू नये. आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर फाउंडेशनचे, फ्लॅन्जचे व बेलहाउसिंगचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून त्यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे सैल झालेला बोल्ट गाडीखाली वाकताच दिसतो.