होकोतोको अँटपिटा बघायला जाताना

होकोतोको अँटपिटा हा जंगलात जमिनीवर वावरणारा पक्षी. तो बघायचा तर आधी लोहा गाठा. दक्षिण इक्वेडोरमधलं हे शहर. तिथून विल्काबाम्बा, यांगाना मागे टाकत रस्ता घाट चढतो आणि वायादोलिदला उतरायच्या आत तापिचालाका अभयारण्य लागतं. पक्षी बघायची वेळ सकाळची, त्यामुळे आदल्या रात्रीच तिथल्या लॉजवर मुक्काम करा. बुकिंग होकोतोको फाउंडेशनकडे. हे पैसे मी अगदी आनंदाने मोजते. १९९७च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट रिजली आणि त्यांच्या सोबत्यांना इथे हा पक्षी सापडला, तोवर विज्ञानाला त्याचा पत्ताच नव्हता. पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली आणि तिने जंगल विकत घेऊन राखायला सुरुवात केली. ते किती गरजेचं होतं हे घाटातच कळतं: गुरांच्या कुरणांसाठी उतारच्या उतार उघडे केलेत.

पाऊस आणि धुकं गृहीत धरा. गमबूट हवेतच. कपडे मळकट रंगाचे घाला.

सकाळी वनरक्षक पायवाटेवर गांडुळं टाकतो. तुम्ही त्याच्या मागे, तो सांगेल तिथे थांबा. गप्पा बंद, मोबाइल बंद. आधी बांबूच्या जाळीत काहीच हलत नाही. मग कोंबडीच्या पिल्लासारखा गोलमटोल पक्षी टुणटुण उड्या मारत बाहेर येतो: डोक्यावर काळी टोपी, डोळ्याखाली पांढराशुभ्र ठसठशीत पट्टा, लांब मजबूत पाय. गांडूळ चोचीत धरतो आणि ताठ उभा राहून क्षणभर बघत राहतो. फोटो याच क्षणी काढा. फ्लॅश मात्र अजिबात नको. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढवा, कॅमेरा मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, टेकवा.

एका गोष्टीबाबत मी हट्टी आहे. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं समजून तो खाणंपिणं सोडून धावतो. जगात मोजकेच उरलेत, तेही याच भागात आणि पलीकडे पेरूच्या सीमेलगत. त्यांना असं पळवायचा आपल्याला काय हक्क? आला नाही तर वाट सोडून आत शिरू नका, दुसऱ्या सकाळी पुन्हा या. म्हणूनच एक रात्र जादा धरून चला.

इक्वेडोरमध्ये अमेरिकी डॉलरच चालतो. वनरक्षकाला द्यायला सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.