बिसलरी का साधं?

हॉटेलात टेकून मिनिट होत नाही तोवर वेटर विचारतो, "पाणी बिसलरी का साधं?" आणि आपण चार लोकांत साधं म्हणायला लाजतो, तिथूनच बिल वाढायला सुरुवात होते बघा. बिनधास्त साधं मागा. नंतर एमआरपी दाखवून भांडायला गेलात तर काही उपयोग नाही, कारण हॉटेलवाल्यांना बाटलीचे एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येतात असं सुप्रीम कोर्टानेच २०१७ मध्ये सांगून ठेवलंय. पोटाची काळजी असेल तर घरून बाटली न्या, मी तरी नेते.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, नवरा, मी आणि दोन पोरं. महिन्यातून दोन-तीनदा बाहेर खाणं होतंच, त्यात भिशी, नवऱ्याच्या ऑफिसातल्या "पार्टी दे" वेगळ्याच (त्यावर एकच इलाज, टीटीएमएम म्हणजे तुझं तू माझं मी, आणि ते जायच्या आधीच ठरवायचं, बिल आल्यावर नाही). बाहेर खाणं बंद करा असं मी सांगणार नाहीये, मला स्वतःला ते जमणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एकदम सगळी ऑर्डर द्यायची नाही. भुकेल्या पोटी मेनू कार्ड हातात आलं की सगळंच हवंसं वाटतं, मग दोन स्टार्टर, मसाला पापड, सूप, आणि भाजी येईस्तोवर पोरं म्हणतात पोट भरलं. आम्ही आता सूप वन बाय टू घेतो, स्टार्टर एकच, नंतर एक पंजाबी भाजी आणि दाल. भाजीचा बाऊल आला की तो बघून दुसरी मागवायची का ते ठरवतो, बहुतेक वेळा लागतच नाही. रोट्या दोन-दोन करून, गरम पण मिळतात. भात आधी हाफ मागायचा, कार्डावर लिहिलेला नसला तरी विचारायचं, बरेच जण देतात. आणि "चपातीऐवजी बटर नान देऊ का मॅडम" याला नाही म्हणायचं, एका नानला फार वाटत नाही पण सहा-आठ झाल्या की कळतं.

अनलिमिटेड थाळीचं गणित वेगळं. दुर्वांकुर, श्रेयस किंवा सुकांताला जायचं तर दुपारी, सकाळचा नाश्ता हलका ठेवून आणि ज्यांना खरंच खायचंय त्यांनीच. माझ्या सासूबाई दोन पुऱ्या आणि वाटीभर आमरस खाऊन "झालं माझं" म्हणतात, त्यांची पूर्ण थाळी म्हणजे निव्वळ दानधर्म. अशांना मर्यादित थाळी मिळते तिथे न्या. लहान मुलांचा दर वेगळा आहे का ते बसायच्या आधी विचारा, ताट वाढल्यावर नाही. मिसळीला गेलात तर आधी बघा सॅम्पल म्हणजे वरचा रस्सा परत फुकट देतात का आणि जादा पाव-ब्रेडचे किती, दोन प्लेट मिसळ आणि जादा पाव यात आमची तीन माणसं आरामात होतात.

आता बिल. हे नीट वाचा कारण इथे मी स्वतः फसलेय. बाणेरला एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो होतो, खाणं झालं २४०० चं. खाली बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे २४०, आणि त्या २६४० वर ५ टक्के जीएसटी १३२, एकूण २७७२. सर्व्हिस चार्ज नसता तर २४०० वर १२० जीएसटी, म्हणजे २५२०. सरळ २५२ रुपये जास्त, आणि नवरा कार्ड काढून मोकळा पण झाला होता! सर्व्हिस चार्ज हा सरकारचा टॅक्स नाही. बिलात तो आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. त्यामुळे आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "हा काढून नवीन बिल द्या." पुढच्या वेळी मी म्हटलं तर मॅनेजरने दोन मिनिटात दिलं. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटर चांगला असेल तर टिप त्याच्या हातात द्या, ती त्याला मिळते तरी.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, एसी असो नसो. मोठ्या हॉटेलांत, जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७५०० च्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के, म्हणून बफेची जाहिरात बघताना "प्लस टॅक्सेस" धरूनच हिशोब करायचा. आणि एखाद्या छोट्या हॉटेलच्या बिलावर कॉम्पोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची वेगळी योजना) असं छापलेलं असेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही.

ॲपवरच्या डिस्काउंटबद्दल थोडक्यात सांगते. टेबलवर बसायच्या आधी अटी बघा, थाळी आणि कॉम्बोवर बरेचदा तो चालत नाही. आणि २००० च्या वर ३०० ऑफ दिसलं की १७०० चं बिल २००० ला नेण्यासाठी उगाच ब्राउनी मागवू नका. (मागवलीये मी. खाल्ली पण कोणी नाही.) घरी मागवायचं असेल तर ॲपवरचा रेट आणि हॉटेलचा रेट एकदा शेजारी ठेवून बघा, वर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी. आम्ही फोन करून ऑर्डर देतो आणि ॲक्टिव्हा काढतो.

गोड तिथे खायचंच नाही. सदाशिव पेठेत जाऊन एक मस्तानी दोघांत, पोटात जागा तेवढीच उरलेली असते.

आणि घरून एक डबा न्या. उरलेलं पार्सल करायला काही ठिकाणी पॅकिंगचे पैसे लावतात, शिवाय दाल त्या प्लास्टिकमधून गाडीत सांडते ते वेगळंच. मी पर्समधून डबा काढला की नवरा आधी इकडेतिकडे बघायचा, कोणी ओळखीचं आहे का म्हणून. उरलेल्या जिरा राईसचा दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीचा भात केला की मात्र त्याच डब्यातून ऑफिसला घेऊन जातो, आणि डबा तिथेच विसरून येतो.