कार्यशाळेला जाताना टेबलावरचा अडलेला कागद सोबत घ्या

विद्यापीठाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक, सहायक किंवा प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झालात की वर्षभरात दोन-तीन परिपत्रकं तरी हातात पडतात : ‘शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी एकदिवसीय कार्यशाळा’. विषय साधारण ठरलेले असतात. व्यक्तिमत्त्व विकास, ताणतणाव व्यवस्थापन, संगणक कौशल्ये, टिपणी व मसुदालेखन, माहितीचा अधिकार. नवा माणूस एक तर दिसेल तिथे नाव देतो, नाहीतर जुन्यांचं ऐकून ‘चहा-बिस्किटांचा कार्यक्रम’ म्हणत कुठेच जात नाही. खरं तर निवड सोपी आहे. तुमच्या टेबलावर गेल्या महिनाभरात जे काम अडलं, त्याच्याशी विषय जुळतोय का, एवढंच पाहायचं.

या कार्यशाळा अचानक का वाढतात, तेही कळलेलं बरं. नॅक म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या मूल्यांकनात प्रशासन आणि मनुष्यबळही येतं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना किती प्रशिक्षणं दिली, याचे पुरावे तिथे लागतात. त्यामुळे नॅकचं वर्ष जवळ आलं की परिपत्रकांचा पाऊस सुरू होतो. त्यात गैर काही नाही, पण घाईत लावलेल्या कार्यक्रमात दोनशे जण सभागृहात, एक वक्ता मंचावर, असा थाट असतो. परिपत्रक वाचताना तीन गोष्टी शोधा : एका तुकडीत किती जण, प्रत्यक्ष सराव आहे की नुसतं व्याख्यान, आणि वक्त्याने कार्यालयीन काम केलंय का. तुकडी पंचवीस-तीसची आणि प्रत्येकाला संगणक असेल, तर नाव द्याच. टिपणीलेखन शिकवायला निवृत्त उपकुलसचिव किंवा लेखाधिकारी येणार असेल, तर दुसरं काही बाजूला ठेवून जा. फाइल कुठे आणि का अडते, ते त्याला पाठ असतं.

नाव देण्याची रीत अशी. अर्ज विभागप्रमुखामार्फतच जातो. परस्पर आयोजकांना मेल केलात तर नाव यादीत लागेल, पण त्या दिवशी मस्टरवर गैरहजेरी लागेल आणि मग एक किरकोळ रजा गेली म्हणून समजा. अर्जात ‘त्या दिवसाची उपस्थिती कर्तव्यकाळ म्हणून धरावी’ हे वाक्य असलंच पाहिजे. मंजुरीची प्रत स्वतःकडे ठेवा. बायोमेट्रिकवर अंगठा उठणार नाही, तेव्हा महिनाअखेरीस आस्थापना शाखेला (कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारी शाखा) दाखवायला तीच कामाला येते. टेबलाचा कार्यभार कुणाकडे, तेही अर्जातच लिहा. नाहीतर दुपारी दोन वाजता ‘ती फाइल कुठे ठेवलीय?’ म्हणून फोन येतो आणि सत्राचा उत्तरार्ध व्हरांड्यात जातो.

आता सर्वांत उपयोगी सत्राबद्दल. टिपणीलेखन. नव्या माणसाची टिपणी बहुधा अशी असते : ‘उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, प्रयोगशाळेतील पंखे नादुरुस्त असल्याने सदर प्रकरणी योग्य त्या आदेशास्तव सविनय सादर.’ वाचायला भारदस्त, पण अधिकाऱ्याने सही करायची ती कशावर? पंखे किती, खर्च किती, पैसे कुठून, मंजुरी कुणाच्या अधिकारात, यातलं काहीच नाही. मग समासात शेरा पडतो : ‘चर्चा करावी’. फाइल खाली येते, आठवडा जातो.

तीच टिपणी अशी लिहिता येते : ‘भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील 8 पैकी 3 पंखे बंद आहेत (पृ. 7/प.वि.). दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके घेतली असून तुलनात्मक तक्ता पृ. 12/प.वि. वर आहे. सर्वांत कमी दर रु. 2,850. खर्च “दुरुस्ती व देखभाल” या लेखाशीर्षाखाली टाकता येईल. तरतूद शिल्लक आहे. ही मंजुरी विभागप्रमुखांच्या वित्तीय अधिकारात येते. मान्य असल्यास कमी दराच्या पुरवठादारास कार्यादेश देण्यात येईल.’ इथे अधिकाऱ्याला ‘मान्य’ एवढंच लिहायचं उरतं. ‘प.वि.’ म्हणजे पत्रव्यवहार विभाग, ‘टि.वि.’ म्हणजे टिपणी विभाग. फाइलीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पृष्ठक्रमांक असतात आणि संदर्भ देताना कोणत्या बाजूचं पान ते लिहावंच लागतं. क्रमांक न घालताच फाइल वर पाठवणं ही पहिल्या वर्षातली सर्वांत मोठी चूक. मधला एक कागद गेला तरी मग कुणाला कळत नाही. कार्यशाळेला जाताना अशी परत आलेली एक टिपणी सोबत न्या, मात्र नावं आणि रकमा झाकलेली छायाप्रत. मूळ नस्ती, म्हणजे फाइल, कार्यालयाबाहेर न्यायची नसते. सरावाच्या वेळी आयोजकांच्या काल्पनिक विषयावर लिहिण्यापेक्षा तीच टिपणी पुन्हा लिहा आणि वक्त्याला दाखवा.

संगणकाच्या सत्रात पिव्होट टेबल, तक्ते, रंगीत आलेख वगैरे दाखवतात. ते पुढचं. परीक्षा किंवा पात्रता विभागात बसणाऱ्याला आधी एक्सेलचे खालचे घोळ माहीत हवेत.

विद्यार्थ्याचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, अनेकदा सोळा आकडी असतो आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच आकडे जपतं. सोळावा आकडा शून्य होतो. आधी रकान्यात काहीतरी ‘ई प्लस पंधरा’ असं दिसतं. आपण फॉरमॅट बदलून ‘नंबर’ करतो, आकडे नीट दिसायला लागतात आणि आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात 57 ने संपणारा क्रमांक 50 ने संपू लागलेला असतो. एकदा गेलेला आकडा परत येत नाही, रकाना नंतर ‘टेक्स्ट’ केला तरीही नाही. म्हणून रिकामा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच क्रमांक चिकटवायचे. महाविद्यालयाकडून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आली तर तिच्यावर डबल-क्लिक करायचं नाही. एक्सेल उघडून ‘डेटा’ टॅबमधून ती आत घ्यायची आणि आत घेतानाच तो रकाना टेक्स्ट ठरवायचा. डबल-क्लिकने उघडून सेव्ह केलेली सीएसव्ही मेली म्हणून समजा. मूळ मेलमधून पुन्हा उतरवून घ्या.

दुसरा घोळ क्रमवारीचा. एकच रकाना निवडून क्रमवारी लावली की एक्सेल विचारतं, निवड वाढवू का? घाईत ‘नको’ म्हटलं की गुण एकाचे, नाव दुसऱ्याचं. तिसरा घोळ, दोन याद्या जुळवताना व्हीलूकअप हे शोधण्याचं सूत्र ‘सापडलं नाही’ म्हणतं आणि डोळ्यांना मात्र नाव सारखंच दिसतं. बहुतेक वेळा नावामागे एक रिकामी जागा असते. ट्रिम हे सूत्र लावलं की ती निघते. तरी जुळत नसेल, तर एका यादीत क्रमांक संख्या म्हणून आणि दुसरीत टेक्स्ट म्हणून आहे का ते पाहा.

मराठी टंकलेखनाचं सत्र मिळालं तर सोडू नका, टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण असलात तरी. अनेक कार्यालयांत जुन्या फाँटमधल्या फाइली अजून जिवंत आहेत. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ती अक्षरं मुळात इंग्रजीचीच, वर मराठीचा मुखवटा. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे संकेतांक असतात, म्हणून तसं होत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक मिळतो. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. टाइपरायटरवर रेमिंग्टन या जुन्या कळरचनेची सवय झालेल्यांचे हात सुरुवातीला अडखळतात. रोज अर्धा तास दिला तर तीनेक आठवड्यांत बरीच गती येते.

इनस्क्रिप्टवर सर्वांत चुकणारा शब्द विद्यापीठात सर्वांत जास्त लिहिला जातो : ‘कर्मचाऱ्यांना’. साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि य दाबला की ‘र्य’ उमटतो, ‘सूर्य’मधला. मग परिपत्रकात ‘कर्मचार्यांना’ छापून जातं. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग D च्या कळीवरचा हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ सगळे याच वाटेने.

माहितीच्या अधिकाराचं सत्र कायदा म्हणून कंटाळवाणं वाटेल, पण तारखा डोक्यात बसवा. 2005 च्या कायद्यात उत्तराची मुदत 30 दिवसांची, त्यात सुट्ट्याही आल्या. म्हणून आवक शिक्क्यावरची तारीख महत्त्वाची. अर्ज दुसऱ्याच सार्वजनिक प्राधिकरणाचा असेल तर 5 दिवसांत तिकडे वर्ग करायचा आणि अर्जदाराला कळवायचं. पण माहिती आपल्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या शाखेत असेल, तर ती तिथून मागवायची. ‘आमच्या शाखेशी संबंधित नाही’ असं लिहून अर्ज परत करायचा नाही. उशीर झाला तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, दंड बसतो आणि तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. मग तो तुमच्याकडे कोणत्या नजरेने बघेल, सांगायला नको.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या 2013 च्या कायद्यावरचं सत्र घेणं नियोक्त्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ते चुकवू नका. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत, अंतर्गत समितीकडे. समितीच्या सदस्यांची नावं आणि दूरध्वनी तिथेच उतरवून घ्या.

व्यक्तिमत्त्व विकासाबद्दल स्पष्ट सांगायचं तर एकदा जा, दरवर्षी नको. टाळ्या, खेळ, ‘स्वतःला ओळखा’ यात दिवस छान जातो. ताणाच्या सत्रात शिकलेला दीर्घ श्वास कामी येतो, पण साठलेल्या तीनशे अर्जांचा ताण श्वासाने उतरत नाही, अर्ज निकाली काढल्यानेच उतरतो. या गटातलं एकच सत्र सोन्यासारखं, ते चौकशी-अर्जांच्या खिडकीवरच्या बोलण्याचं.

उदाहरणार्थ, मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र सात जिल्ह्यांचं : मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. खिडकीसमोर उभा असलेला मुलगा कोकणातून तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरलेला असू शकतो. त्याला ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे एका रात्रीचा मुक्काम किंवा दोन फेऱ्या. म्हणून चांगल्या सत्रात तीन वाक्यांचा सराव घेतात : काय कमी आहे, ते कुठे मिळेल, पुढे काय होईल आणि कधी. ‘तुमच्या अर्जाला शेवटच्या सत्राची गुणपत्रिका जोडलेली नाही. तिची स्वसाक्षांकित प्रत आत्ता दिलीत तरी चालेल, समोर झेरॉक्सचं दुकान आहे. आज अर्ज स्वीकारला तर प्रमाणपत्र पोस्टाने जाईल, पुन्हा यायला नको.’ सराव जोडीने करा : एकाने चिडलेला पालक व्हायचं, दुसऱ्याने खिडकीत बसायचं, मग अदलाबदल. चिडलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही. तो हमखास आणखी चढतो. अर्ज क्रमांक विचारा. आकडा सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

वर्ष-दोन वर्षांत आयोजनाचं कामही गळ्यात पडतं. तारीख ठरवताना मार्च टाळा, लेखा शाखा फिरकणार नाही. परीक्षांचे हंगाम आणि जून-जुलैचे प्रवेश टाळा. जुलैत तर एका पावसाने कुर्ला-सायनला रूळ पाण्याखाली गेले की अर्धी यादी घरीच. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची सुरुवात बरी. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात कार्यक्रम असेल तर वेळ साडेदहा ते साडेचार ठेवा. विरार, बदलापूर, पनवेलहून येणाऱ्यांना परतीची गर्दी चुकवता येते. पंचाहत्तर मिनिटांची चार सत्रं पुरतात, आणि जेवणानंतरचं सत्र हातात काम असलेलंच हवं, व्याख्यान नको. एक्स्टेन्शन बोर्ड तुमच्या अंदाजाच्या दुप्पट मागवा. हजेरी दोनदा घ्या, सकाळी आणि जेवणानंतर. नॅकसाठी स्थळ-वेळ उमटलेले फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर ते जमवता येत नाहीत.

पैशाची एक गोम. वक्त्याच्या मानधनाची मंजुरी, पॅन आणि बँकेचा तपशील कार्यक्रमाच्या आधी फाइलीवर असू द्या. नंतर मागितलं की देयक लेखा शाखेतून आक्षेप घेऊन परत येतं आणि एका सज्जन माणसाला चार महिने फोन करून ‘होतंय, होतंय’ सांगावं लागतं.

प्रमाणपत्रावरचं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी अक्षरशः जुळतंय का, ते जागेवरच पाहा. वडिलांचं नाव गळलं असेल, आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर लगेच बदलून घ्या. मग छोट्या अर्जासोबत त्याची प्रत आस्थापना शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. या कागदाने बढती मिळत नाही, ती ज्येष्ठता, आरक्षणाची बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी, याची क्रमवार यादी) आणि विहित अर्हता यांवर ठरते. पण गोपनीय अहवालातला स्वयंमूल्यांकनाचा रकाना भरताना ‘प्रशिक्षण’समोर लिहायला तारखेसह काहीतरी असतं, आणि तारखा मार्चमध्ये आठवत नाहीत.