जिऑलॉजीचा ऑनलाइन कोर्स पहिल्यांदा घेताय? आधी घरातली फरशी बघा

भूशास्त्र आणि पर्यावरण असा एखादा सुरुवातीचा कोर्स ऑनलाइन करावा का, कॉमर्स-आर्ट्सवाल्याला झेपेल का, असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी बी.ए. भूगोलवाली, सातारा जिल्ह्यातली. कॉलेजात खडकांवर एक धडा होता तेवढाच, त्यामुळे मग स्वयमवरचा (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटीईएलचा (आयआयटींचा उपक्रम) 12 आठवड्यांचा कोर्स घेतला. बारावीला सायन्स नसलं तरी चालतं. गणित जवळजवळ नाहीच, केमिस्ट्री थोडी लागते पण ती दहावीपर्यंतचीच, सिलिका म्हणजे काय आणि कार्बोनेट म्हणजे काय एवढं कळलं तरी गाडी पुढे जाते.

आधी व्यवहाराचं सांगून टाकते. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचे भरावे लागतात, मी घेतला तेव्हा 1000 रुपये होते. दर आठवड्याला व्हिडिओ येतात आणि एक असाइनमेंट येते. 12 असाइनमेंटपैकी सगळ्यात चांगल्या 8 धरतात आणि त्याचे 25 मार्क, सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 हवेत, दोन्ही वेगवेगळे. आणखी एक, यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे स्वयमच्या कोर्सचे क्रेडिट डिग्रीत धरता येतात, पण तुमचं कॉलेज कुठला कोर्स मान्य करतं हे नाव नोंदवायच्या आधीच विभागप्रमुखांना भेटून लेखी विचारून घ्या, नंतर धावपळ नको.

आता खरा मुद्दा. व्हिडिओत ग्रॅनाइट दाखवतात, चुनखडक दाखवतात, संगमरवर, स्लेट, वालुकाश्म सगळं दाखवतात, आणि आपण पश्चिम महाराष्ट्रात खिडकीतून बाहेर बघितलं की डोंगर काळा, विहीर काळी, बांध काळा, सगळीकडे बेसाल्टच. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, एकावर एक थर साचत गेले, भाकऱ्यांची चवड असते तसे, आणि आज तो दख्खनचा पठारी भाग सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. म्हणून इथल्या विद्यार्थ्याला एकाच खडकाची ओळख असते आणि बाकीचे नुसते स्क्रीनवरचे फोटो राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक कोर्स सोडतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, सगळे दगड सारखेच दिसायला लागतात आणि कंटाळा येतो.

उपाय घरातच आहे, खरंच सांगते. जुन्या घरातली शहाबादी फरशी हा चुनखडक, कर्नाटकातला. स्वयंपाकघरातला काळा कडप्पा हाही चुनखडकच, आंध्रातला. कोटा फरशी, राजस्थानातली, तोही चुनखडक. देवघरातला संगमरवर म्हणजे चुनखडकावर उष्णता आणि दाब पडून झालेला रूपांतरित खडक. नवीन फ्लॅटच्या ओट्यावर गुलाबी नाहीतर राखाडी ठिपक्यांचा ग्रॅनाइट असतो, त्यात काचेसारखे दिसणारे कण क्वार्ट्झचे, गुलाबी किंवा पांढरे फेल्डस्पारचे आणि चमकणारे काळे पापुद्रे अभ्रकाचे. आणि दुकानदार ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टचाच खोलवर सावकाश थंड झालेला भाऊबंद. अग्निजन्य (ग्रॅनाइट), गाळाचे (चुनखडक) आणि रूपांतरित (संगमरवर) हे तिन्ही प्रकार एका दुपारी, घरातल्या घरात बघून होतात.

मी केलेला एक प्रयोग सांगते. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा तुटका तुकडा आणला (ते असे तुकडे टाकूनच देतात), खिळ्याने एका कडेला खरवडून थोडी पूड काढली आणि त्या पुडीवर लिंबाचे थेंब टाकले. भिंगातून बघितलं तर बारीक बारीक बुडबुडे येत होते, कार्बन डायऑक्साइडचे. तेच बेसाल्टच्या तुकड्यावर केलं तर काही नाही. आई मग म्हणाली, "म्हणून तर मी ओट्यावर लिंबू सांडू देत नाही, डाग जातच नाही बघ." बरोबरच आहे, आम्ल पॉलिश खातं. त्यानंतर कार्बोनेट खनिजावर असाइनमेंटमध्ये कसाही प्रश्न आला तरी मला पाठांतर करावं लागलं नाही. तसंच बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर गेरूचा खडा ओढा, तांबडी रेघ उमटते, रेघेच्या रंगावरून खनिज ओळखायचं, व्हिडिओत ज्याला स्ट्रीक टेस्ट म्हणतात ती हीच.

काळाचे आकडे बहुतेकांना जड जातात आणि त्याचं अर्धं कारण मिलियन-बिलियन आहे. पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, 1 मिलियन म्हणजे 10 लाख, 1 बिलियन म्हणजे 100 कोटी. पृथ्वीचं वय 4.54 बिलियन म्हणजे 454 कोटी वर्षं. लाख-कोटीत आणलं की अंदाज यायला लागतो. प्लेट टेक्टॉनिक्सवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे (प्लेट) कसे सरकतात त्यावर, भरपूर चांगले ॲनिमेशन आहेत, ते बघा, त्यावर मी वेगळं काही सांगत नाही.

पर्यावरणाचा भाग साधारण कोर्सच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो आणि तो मन लावून करा, कारण तिथे उदाहरणं कॅलिफोर्निया आणि जपानची असली तरी आपल्याकडे प्रत्येकाला जोड आहे. भूकंपाचा आठवडा आला की दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा, 11 डिसेंबर 1967 कोयना आणि 30 सप्टेंबर 1993 किल्लारी. दोन्ही सहापेक्षा मोठे, दोन्ही पहाटेचे, दोन्ही प्लेटच्या कडेपासून लांब. पण कोयनेचा संबंध धरणाच्या पाण्याशी लावला जातो, जलाशय भरला की आधीच ताणाखाली असलेल्या भेगांमधे पाण्याचा दाब वाढतो आणि खडक सरकतो, जगभरच्या अभ्यासात कोयनेचं नाव येतं ते यामुळेच, आणि कऱ्हाडला यासाठी संशोधन केंद्रही आहे, या भागात 3 किलोमीटर खोल बोअर घेतलेलं आहे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट अजून आठवते, त्यांच्याशी जाऊन बोला, भांडी आधी वाजली की भिंत आधी हलली हे विचारा. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा साधारण 32 पट होते, हा प्रश्न बहुतेक येतोच.

भूजलाच्या आठवड्यात तर व्हिडिओ बघायच्या आधी विहीर खोदणाऱ्या माणसाला गाठा. आमच्या गावात एक काका आहेत, आयुष्य विहिरींवर गेलंय. मी विचारलं, काका पाणी कुठं लागतं ते आधी कळतं का? ते म्हणाले, "वर मुरूम, खाली मांजऱ्या लागला तर पाणी हाय म्हणायचं. काळा पाषाण लागला आन त्यात भेग नसली तर पोरी, कितीबी खाली जा, कोरडंच." (मांजऱ्या म्हणजे पोकळ्या असलेला बेसाल्ट.) आता हेच अॅक्विफरच्या (पाणी साठवणारा खडकाचा थर) लेक्चरमधे सर सांगतात, की झिजलेल्या आणि पोकळ्या असलेल्या बेसाल्टमधे पाणी साठतं, सलग घट्ट बेसाल्टमधे भेगा असतील तरच. सरांचं चित्र बघताना काकांचे थर डोळ्यासमोर होते म्हणून एकदाच ऐकून कळलं. विदर्भातल्यांनी इथे फ्लोराइडवर जास्त वेळ द्या, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराइड उतरतं, लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात आणि पुढे हाडं खराब होतात, आणि पाणी दिसायला मात्र स्वच्छच असतं. गोव्यातल्यांना जवळचं उदाहरण म्हणून लोहखनिजाच्या खाणी आहेतच.

दरडींचा आठवडा मला सगळ्यात जड गेला, मनाला. माळीण 2014, तळीये 2021, इर्शाळवाडी 2023, तिन्ही जुलैमधल्या. घट्ट खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर, शिवाय तीव्र उतार, त्यात पावसाचं पाणी मुरून कणांमधला दाब वाढतो आणि मातीची धरून ठेवायची ताकद जाते. उतारावर नवीन भेगा, कललेली झाडं आणि खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, ही लक्षणं कोर्समधे परीक्षेसाठी शिकवतात, पण डोंगराखाली घर असलेल्या प्रत्येकाला ती माहीत पाहिजेत, मी आमच्या वाडीत सगळ्यांना सांगितलीत. त्या आठवड्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल उघडा, नकाशे मोफत बघता येतात, आपला तालुका शोधा. मोबाइलवर त्रास होतो, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसा.

अभ्यासाचं म्हणाल तर असाइनमेंट आली त्याच दिवशी प्रश्न वाचून ठेवायचे, मग व्हिडिओ बघायचे, म्हणजे काय शोधतोय ते माहीत असतं. डेडलाईनच्या रात्री साइट स्लो होते आणि उशिरा घेत नाहीत. इंग्रजी जड जात असेल तर व्हिडिओचा वेग 0.75 करा आणि लेक्चरचा लिखित मजकूर डाऊनलोड करून शेजारी ठेवा. नोट्स मराठीत काढल्या तरी चालतं, फक्त खनिजांची आणि काळांची नावं इंग्रजीतलीच लक्षात ठेवा कारण परीक्षा इंग्रजीत असते. चित्र स्वतःच्या हाताने काढा, विशेषतः खडकांच्या थरांच्या घड्या आणि भ्रंश (थर तुटून सरकतात ते), कुठली बाजू खाली गेली हे काढल्याशिवाय पक्कं होत नाही.

या एका सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही, हे स्पष्ट सांगते, कोणी तसं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. ज्यांना पुढे खरंच जायचंय त्यांनी बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. जिऑलॉजीचा विचार करावा, पुण्यात फर्ग्युसन आणि विद्यापीठाचा विभाग, मुंबईत झेवियर्स, नागपूरला विद्यापीठ असे पर्याय आहेत. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेत जिऑलॉजीचा पेपर असतो, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा, तिला पदव्युत्तर पदवी लागते. बी.ए.वाल्यांना ही वाट सरळ नाही, सायन्सची पदवी बहुतेक ठिकाणी मागतातच, त्यामुळे बारावीत असाल आणि हा विषय आवडायला लागला असेल तर प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधीच एखादा छोटा, 4 आठवड्यांचा कोर्स करून बघा.