वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी आठवणींची वही कशी लिहावी

अण्णांना जाऊन नऊ महिने झाले तेव्हा मी वही उघडली. वर्षश्राद्धाला येणाऱ्या माणसांच्या हातात त्यांच्याविषयी चार पानं द्यायची, एवढंच मनात होतं. पहिल्या पानावर लिहिलं, ‘प्रेमळ वडील, कसबी कारागीर, निष्ठावान वारकरी.’ पुढे काही सुचेना. लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यागणिक दोघांना तरी हे शब्द लागू पडले असते. त्यात अण्णा कुठेच नव्हते.

तुम्हीही असं काही लिहायला बसणार असाल तर गुण लिहू नका. ते हाताने काय करायचे आणि रोज काय पाळायचे, तेवढंच लिहा.

सगळ्यात आधी हत्यारं. घाई हत्यारांचीच असते, कारण कपडे आणि चष्मा घरात राहतात, पण लोखंडाची पेटी पहिल्या साफसफाईत भंगारात जाते. अण्णा लोअर परळच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. यंत्राचा जो भाग बिडात ओतायचा, तो आधी सागवानात हुबेहूब करायचा, तो वाळूत दाबून काढायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. त्यातला लाकडाचा भाग अण्णांचा. त्यांनी घरी आणून ठेवलेले सात-आठ पॅटर्न तेराव्याआधीच्या आवराआवरीत मीच भंगारवाल्याला देऊन टाकले. मला ते लाकडाचे तुकडे वाटले. हे लिहिताना आजही हात जड होतो. म्हणून सांगते, पहिलं वर्षभर पेटीतलं काही म्हणजे काही बाहेर जाऊ देऊ नका.

पेटी उघडलीत की काहीही पुसण्याआधी जशी आहे तशी तिचे फोटो काढा. कुठली पटाशी हाताशी ठेवलेली आणि कुठली तळाशी, यावरूनही कामाचा अंदाज येतो. मग एकेक वस्तू घेऊन त्याच धंद्यातल्या माणसाकडे जा. अण्णांच्या पेटीत एक पोलादी पट्टी होती. शाळेच्या पट्टीशेजारी ठेवली तर तिचा फूट किंचित लांब भरायचा. मी ती सदोष समजून बाजूला काढली होती. त्यांच्या जुन्या सोबत्याने ती हातात घेतली आणि म्हणाला, “ही चुकीची नाही, ही बिडाची पट्टी आहे.” रस थंड होताना आकसतो. बीड फुटाला साधारण 1/8 इंच आकसतं, पितळ त्याहून जास्त, 3/16 इंचाच्या आसपास. तेवढी वाढ पट्टीतच धरलेली असते, म्हणजे कारागिराला दर मापाला हिशोब करावा लागत नाही. पॅटर्नच्या बाजूंना बारीक उतार ठेवावा लागतो, नाहीतर तो वर काढताना वाळू ढासळते, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या घरातलं टेबल, फळ्या, देव्हारा, सगळ्याच्या कडा किंचित आत का झुकलेल्या आहेत, ते मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

साफसफाई बेताची ठेवा. पोलादावरचा गंज बारीक स्टील वूल आणि मशीन तेलाने हलका घासा, पुसून तेलाचा पातळ हात द्या. लाकडी मुठींना जवसाचं तेल चोळा. त्या तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. मुठीवर अंगठ्याने पडलेला खळगा सॅंडपेपरने सारखा करू नका आणि वर पॉलिश चढवू नका. जपायचा आहे तो खळगाच.

कागद आणि फोटोंचं थोडक्यात. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि फोटोच्या मागची बाजूही करा, नावं तिथेच असतात. मुंबईच्या पावसात लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात काही ठेवू नका.

भजनाची कॅसेट असेल तर आधी तिच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, जाणकाराकडे द्या. आमच्याकडच्या कॅसेटमध्ये अण्णांचा आवाज असा नाहीच, ते टाळकऱ्यांत मागे उभे असत. पण एका अभंगाच्या शेवटी ते खोकतात. ती जागा मी मिनिट-सेकंदासकट वहीत लिहून ठेवली आहे.

आता माणसं. गावाकडच्या मंडळींची परळमध्ये गावकीची खोली आहे. 1972 च्या दुष्काळात साताऱ्याहून आल्यावर अण्णा सहा वर्षं तिथेच वळकटी टाकून राहिले. तिथल्या म्हाताऱ्यांना “अण्णा कसे होते?” असं विचारलं तर एकच उत्तर येतं, “देवमाणूस.” त्याने वही भरत नाही. विचारायचं ते असं: पहाटे कोण आधी उठायचं? एकादशीला डब्यात काय न्यायचे? पगार कुठे ठेवायचे? साल विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. रेल्वेच्या संपाआधी की नंतर, गिरणी संपात की त्याआधी, 26 जुलैच्या पुरात ते कुठे अडकले होते, असं विचारा. 1974, 1982, 2005 ही सालं तुम्हाला ठाऊकच आहेत, प्रसंग आपोआप जागी बसतात. मला अशाच विचारण्यातून कळलं, की 18 जानेवारी 1982 ला गिरण्या बंद पडल्यावर फाउंड्रीचंही काम आटलं आणि अण्णांनी घरी पोळपाट-लाटणी करून दारोदार विकली. माझा जन्म त्याच पावसाळ्यातला. आई आजही त्यातल्याच एका पोळपाटावर भाकरी थापते, आणि तिने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आईला एका बैठकीत फार विचारू नका. भाजी निवडताना विचारा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि ती गप्प झाली की तुम्हीही गप्प बसा.

श्रद्धेबद्दल लिहिणं मला सगळ्यात अवघड गेलं. अण्णांनी माळ घातली ती लग्नाआधी. आषाढीला रजा मिळाली नाही तर पंढरपूरऐवजी वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात दिंडीबरोबर चालत जायचे. गळ्यातली माळ आम्ही ठेवून घेतली नाही, ती त्यांच्याबरोबरच गेली. सगळंच जपायचं नसतं. मग लिहायचं काय? अमुक एकादशी, तमुक वारी, अशी यादी केली तर ती पंचांगासारखी दिसते.

तेव्हा मी त्यांच्या रोजच्या वाटेने चालून पाहिलं, आणि तुम्हालाही तेच सुचवते. आई म्हणायची, “हरिपाठ ते कामावर जाताना म्हणायचे.” मी भांडुपहून सकाळची धीमी गाडी पकडून करी रोडला उतरले, आधी आमच्या जुन्या चाळीच्या दारापर्यंत गेले आणि तिथून हरिपाठ म्हणत निघाले. भारतमाताचा नाका, करी रोडचा पूल, पलीकडे ना. म. जोशी मार्ग. फाउंड्रीच्या जागी आता काचेची इमारत आहे. तिच्या फाटकाशी पोचले तेव्हा माझे दोन-तीन अभंग उरले होते. मी तिथेच कडेला उभी राहून ते पुरे केले.

आणि पट्टी ओळखणाऱ्या त्या सोबत्याचं बोलणं आठवलं. तो सहज म्हणाला होता, “तुझे अण्णा रोज फाटकाबाहेर जरा वेळ उभे राहायचे. भोंगा झाला तरी. आम्हाला वाटायचं, पूल चढून आल्यावर दम खातात.”

घरी येऊन पहिलं पान फाडलं आणि वहीची सुरुवात त्या फाटकापासून केली. छापताना पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, मध्ये पिन मारता येते. आमची सोळा पानं झाली. शेवटची दोन कोरी सोडा आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी बाजूला दोन-तीन पेनं ठेवा. आमच्या पखवाजवाल्या काकांनी जेवण बाजूला ठेवून तिथे पहिली ओळ लिहिली, फाउंड्रीचा भोंगा साडेसातचा होता, आठचा नाही.